तिसऱ्या प्रकरणातला डबा

पुस्तक आधी स्वतः वाचल्याशिवाय चारचौघांत मोठ्यानं वाचायला घेऊ नये, एवढी साधी गोष्ट मला पन्नाशी ओलांडल्यावर कळली. आमच्या घरात गोष्टी सांगायचा मक्ता माझ्याकडं. त्यामुळं कॉलेजातल्या माझ्या रूममेटची पहिलीवहिली कादंबरी टपालानं आली, तशी मी ती न वाचताच गावी, देवगाव रंगारीला धाकट्या भावाकडं घेऊन गेलो. पहिल्या पानावर त्यानं हातानं लिहिलं होतं, ‘तुझ्याशिवाय हे पुस्तक झालंच नसतं.’ ते पान मी शेजाऱ्यांनासुद्धा दाखवून आलो.

रविवारची दुपार, जेवणं झालेली. आई खाटेवर, भाऊ-भावजय खाली, माझी बायको भिंतीला टेकून मेथी निवडत होती. आईला आता अक्षर दिसत नाही, म्हणून मी खणखणीत आवाजात सुरुवात केली.

कादंबरी औरंगाबादेतल्या, शहागंजात खोली घेऊन राहणाऱ्या एका पोराची. त्याच्याशी दिवसचे दिवस कुणी बोलत नाही. आपण मेलो तर कोण येतं बघावं, म्हणून तो स्वतःच्याच निधनाची बातमी पेपरात देतो. येतो फक्त दूधवाला, आणि दार उघडणाऱ्या मयतालाच विचारतो, उद्यापासून दूध बंद करू का. आम्ही हसून लोळलो. पुढं या पोराच्या खोलीत एक रूममेट राहायला येतो, रात्रभर घोरणारा, स्वतःच्या विनोदाला सगळ्यांच्या आधी हसणारा. भावजय म्हणाली, “भाऊजी, हे तर तुम्हीच.” मी सगळ्यांच्या आधी हसलो.

तिसऱ्या प्रकरणात डबा आला.

आमच्या वेळी शहरात शिकणाऱ्या पोरांचे डबे गावाकडून एसटीनं यायचे. आई पहाटे भाकरी थापायची, पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरकडं डबा द्यायची. तो बॉनेटवर ठेवायचा, गरम राहावा म्हणून. मी स्टँडवर उतरवून घ्यायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं रिकामा परत धाडायचो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी नापास झालो आणि घरी सांगितलं नाही. पुढचं वर्षभर वही घेऊन निघायचो आणि रेल्वे स्टेशनच्या बाकावर बसून राहायचो. त्या भाकरीचा घास घशाखाली उतरेना. स्टँडमागच्या कुत्र्यांना घालायचो, नळावर डबा धुवायचो, सैल झाकणाला आईचीच सुतळी पुन्हा बांधायचो. हे सगळ्या जगात एकालाच सांगितलं होतं, तापानं फणफणलो होतो तेव्हा. त्यानं माझ्या कपाळावर ओली पट्टी ठेवत ऐकून घेतलं होतं.

आता ते छापून आलं होतं, सुतळीसकट, कुत्र्यांसकट. फक्त ते हिरोच्या, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नावावर. त्याची आई शाळेत बाई होती, त्याला कधी कुठून डबा आला नाही. माझ्या डब्यातलं तो दोन वर्षं जेवला होता. आता माझी लाजही तो घेऊन गेला आणि माझ्या वाट्याला घोरणं ठेवलं.

सुतळीचा उल्लेख मोठ्यानं वाचला असता तर आईनं तिथंच ओळखलं असतं. मी पान उलटलं आणि मनानंच रचत सुटलो. पोरगा डबा पुसून खातो. लायब्ररीत बसतो. दिवे लागेपर्यंत उठत नाही. आवाज तोच ठेवला, मधेच पानं उलटत राहिलो.

आईनं विचारलं, “पास झाला का नाय मंग त्यो?”

“झाला.”

“बरं झालं. माय पहाटं उठत व्हती बिचारी.”

मग कूस बदलून तिनं डोळे मिटले.

परतताना बायकोनं गाडीत पुस्तक मागून घेतलं आणि तिसरं प्रकरण दोनदा वाचलं. मी स्टिअरिंग धरून त्याच्या नावानं शंख करत होतो. कसला मित्र, एवढा जीव लावला, विश्वासानं तापात सांगितलं आणि त्यानं माझ्या डब्याचा बाजार मांडला, वगैरे. तिनं सगळं बोलू दिलं. मग पुस्तक मिटलं.

“त्यानं निदान झालं तसं लिहिलं,” ती म्हणाली. “तुम्ही आज अर्धा तास, एकदाही न अडखळता, नसलेलं वाचलंत. मी मेथी निवडत खरं मानून ऐकत होते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली. आजवर मला जे जे सांगितलंत, ते कुठल्या पानावरचं होतं?”