लांब हात, आखूड हात

यंत्र घ्यायचं की नाही, हे मला कुणी विचारलंच नाही. कागद कारखान्याच्या साहेबानं नामपल्लीच्या कचेरीत बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की येत्या हंगामापासून निलगिरीच्या लाकडाच्या भरणीचा ठेका ज्याच्याकडं यंत्र असेल त्यालाच मिळणार. हातानं लाकूड भरायचे दिवस गेले, म्हणाला. माणूस वाईट नव्हता. चहा संपवून उठताना मी म्हणालो, "घेऊ." दुसरं काय म्हणणार? ठेका गेला म्हणजे माझी सगळी टोळी घरी बसणार. यंत्र आलं तरी टोळी घरी बसणार. दोन्ही दारं एकाच खोलीत उघडत होती.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. नांदेडकडून हैदराबादला हमाल म्हणून आलो, लाकडाच्या अड्ड्यावर मुकादम झालो, पुढं स्वतःची टोळी बांधली. टोळीतले सगळे माझ्या गावचे, माझ्याच सोयऱ्यातले. मलकपेठेत रेसच्या मैदानामागं एकमेकांना लागून राहत होतो. त्यांना गावातून मी आणलं होतं, तेव्हा त्यांच्या चुलीची काळजी माझी, असं मी धरून चाललो होतो. तसं कुणी लिहून घेतलं नव्हतं. पण बायकोचा धाकटा भाऊ टोळीत दोरवाला होता, म्हणजे लाकडाला दोर कुठं बांधायचा आणि कुणीकडून ओढायचं हे तो ठरवायचा. आणि तो रोज माझ्याच घरी जेवायचा. लिहून घ्यायची गरज नव्हती.

गाडी भरायची आमची एक रीत होती. दोन बल्ल्या गाडीला तिरप्या लावायच्या, दोर टाकायचा, आणि बुंधा आधी. जड बाजू आधी वर बसली की शेंडा आपोआप मागं येतो. मी हाक द्यायचो, "उठली का रं?" टोळी म्हणायची, "उठली." मग ओढ. शेवटी मी विचारायचो, "टेकली का रं?" आणि सगळे "टेकली" म्हणेपर्यंत कुणी हात सोडायचा नाही. हाक कधी द्यायची हे माझ्याकडं होतं. कुणाची छाती भात्यासारखी हलताना दिसली की मी बिडी पेटवायचो, आणि बिडी संपेपर्यंत हाक देत नसे. लोकांना वाटायचं मुकादमाला बिडीचं व्यसन आहे. वाटू दे.

तेव्हा परदेशातला माल आणायला सरकारनं नुकतीच मोकळीक दिली होती. विजयवाड्याच्या रस्त्याला एका व्यापाऱ्यानं मोठं आवार घेऊन तिकडची जुनी यंत्रं आणून उभी केली होती. टोळीला घेऊनच गेलो. पोरगी बघायला जावं तसे सगळे धुतलेले सदरे घालून आले होते.

आवारात ट्रॅक्टरवर बसवलेल्या क्रेन दोन. एक मोठ्या जड ट्रॅक्टरला कायमची जखडलेली, तिचा हात लांबलचक, एका जागी उभं राहून आख्खा ढीग उपसणारा. दुसरी मध्यम ट्रॅक्टरची. शेतकरी नांगर लावतात त्या मागच्या लिफ्टवरच ती चढवलेली, नको तेव्हा काढून ठेवता येणारी, पण तिचा हात आखूड. दोन्हींच्या टोकाला लाकूड धरायचा लोखंडी पंजा.

व्यापारी आपल्या हैदराबादी बोलीत समजावत होता. "चाचा, लंबा वाला लेओ. ड्रायवर अकेला बस है. आदमी लोगां की कटकट नक्को."

आदमी लोग त्याच्यासमोरच उभे होते.

त्याच्या ड्रायव्हरनं लांब हात चालवून दाखवला. हात गेला, पंजा मिटला, लाकूड उचललं, मागच्या ट्रॉलीत ठेवलं. परत गेला. मधे कुणी श्वास घेतल्यासारखं दिसलं नाही. मेव्हणा माझ्या कानाशी आला.

"दाजी, ह्याला दोर कुटं लावायचा?"

"ह्याला दोर लागत नाही."

"मग मी काय करू?"

मी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला पाय लावून हवा किती आहे ते बघत राहिलो. हवा ठीक होती. तरी बराच वेळ बघितलं.

आखूड हाताचं गणित मला तिथंच दिसलं. तो ढिगापर्यंत पोचणार नाही. म्हणजे लाकूड त्याच्यापाशी आणून द्यावं लागणार. म्हणजे दोर लागणार, माणसं लागणार. साहेबाला यंत्र पाहिजे होतं, हे यंत्रच होतं. हात किती लांब पाहिजे, हे तो बोलला नव्हता.

मी म्हणालो, "हे छोटं मी चालवून बघतो."

"चाचा, हमारा ड्रायवर दिखाता ना."

"नक्को. मी बसतो."

क्रेनची खुर्ची उंचावर, ट्रॅक्टरकडं पाठ करून. जन्मात पहिल्यांदा मी टोळीच्या डोक्यावर बसलो होतो. ड्रायव्हरनं खाली उभं राहून दांडे समजावले, दोन्ही बाजूंचे टेकूचे पाय जमिनीवर उतरवून दिले आणि सांगितलं, लाकूड मधोमध धरायचं. मी ऐकलं. पण हाताला जी रीत लागलेली असते ती कानानं सुटत नाही. एक जाडजूड लाकूड पडलं होतं, त्याला मी पंजा घातला तो बुंध्याला. बुंधा आधी.

बुंधा उठला. शेंडा खाली लोंबला, फिरला आणि ट्रॉलीच्या उभ्या खुंट्यांमधे जाऊन अडकला. मी अजून ओढलं. तेव्हा पाठीमागून गलका झाला आणि खुर्ची माझ्यासकट ट्रॉलीकडं कलली. ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं जमीन सोडून वर आली होती.

ड्रायव्हर ओरडला, "छोडो मत."

सोडणार कसा? पंजा उघडला तर ट्रॅक्टर पुढं आपटणार. लाकूड खाली घ्यावं तर शेंडा अडकलेला. वर ओढावं तर चाकं आणखी उठणार. दोन्ही हातांत दांडे धरून मी बसून राहिलो. खाली उतरता येत नव्हतं. व्यापारी कपाळावर हात मारत होता. वरून मला शेजारच्या चिंचेच्या झाडावरची पतंग दिसत होती. तिची शेपटी फांदीला गुंडाळली होती. तिच्याकडंच बघत होतो, कारण खाली बघितलं असतं तर सगळ्यांची तोंडं दिसली असती.

मेव्हण्यानं चपला काढल्या. बोनेटवर चढला, पुढं सरकला आणि नाकाडावर घोड्यावर बसतात तसा बसला. त्याच्या हाकेनं आणखी दोघं चढले. ट्रॅक्टर जरा विचार करत राहिला आणि मग हळूच पुढं झुकला.

"टेकली का रं?" मेव्हण्यानं विचारलं. ही हाक माझी होती.

खालचे सगळे म्हणाले, "टेकली."

ड्रायव्हरनं पहार घालून शेंडा सोडवला, मी लाकूड जमिनीवर ठेवलं आणि पंजा उघडला. उतरलो आणि धोतर झटकत उभा राहिलो.

मेव्हणा बोनेटवरून उतरला नव्हता. हसत म्हणाला, "दाजी, हितून फुडं आमचं ह्येच काम का? वजन म्हून बसायचं?"

टोळी हसली. व्यापारीही हसला, आणि आपलेपणानं सांगायला लागला, "अरे नक्को भाई, उसके वास्ते लोहे का वजन आता. सामने लटका देना, बस. आदमी काय कू बिठाना?"

मग कुणी हसलं नाही. मेव्हणा उतरला आणि चपला घालू लागला.

मी म्हणालो, "आखूड हात देओ. लोहे का वजन नक्को."

व्यापाऱ्यानं खूप समजावलं. उगाच हट्ट करता, एका हंगामात पस्तावाल, म्हणाला. मी लांब हाताला भ्यालो, असा त्याचा समज झाला असणार. तो समज मी तसाच राहू दिला. निघताना त्यानं नजर लागू नये म्हणून चाकाखाली लिंबू ठेवलं. आमच्या घरात लिंबू-नारळ चालत नाही. ते मी उचलून खिशात घातलं, आणि घरी मेव्हणा त्याचं सरबत करून प्याला.

ठेका मिळाला. टोळीतला एकही माणूस कमी झाला नाही. मी मलकपेठेत छाती काढून फिरलो, ते का लपवू?

पण हंगाम सुरू झाल्यावर वेगळंच दिसायला लागलं. मी वर, इंजिनाच्या आवाजात. टोळी खाली दोरानं लाकूड ओढून आणायची, पंजा ते उचलायचा, ठेवायचा, आणि उघडा होऊन परत त्यांच्यापुढं येऊन थांबायचा. हाक ऐकू जात नव्हती, म्हणून ती बंद झाली. आता दमाचा हिशेब पंजाकडं होता, आणि त्याला दम नव्हता. एकदा इंजिन बंद करून मी बिडी पेटवली. पलीकडं कारखान्याच्या लॉऱ्यांची रांग होती. साहेबाचा माणूस लगेच आला. "मशीन बंद काय कू? दुसरे ठेकेदार के पास लंबा हात है, मालूम ना?" अर्धी बिडी टाकून मी इंजिन चालू केलं. त्यानंतर दांडे सोडून बिडी ओढायला हात रिकामे झालेच नाहीत.

दुपारी भाकरी खाताना मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमी आमाला ठिवलं. पर बसाया जागा न्हाई ठिवली."

"मग लांब हात घ्यायला पाहिजे होता का?"

त्यानं कांदा फोडला, अर्धा माझ्या भाकरीवर ठेवला. "न्हाई. तसं तर न्हाई."

"मग काय करायला पाहिजे होतं?"

"त्ये मला काय ठावं? मुकादम तुमी."

जड लाकूड आलं की पुढची चाकं हलकी व्हायची, आणि तेव्हा तो दोर टाकून, मला एक शिवी देऊन बोनेटवर जाऊन बसायचा. खरं सांगायचं तर दिवसाकाठी तेवढंच त्याचं बसणं होतं. पुढं एका काचेच्या नव्या इमारतीत त्याला राखणदाराची नोकरी लागली. घरी येऊन बहिणीला म्हणाला, "खुर्ची देतात." मला ते तिच्याकडूनच कळलं. जेवायला मात्र तो आमच्याकडंच येत राहिला.

तो गेल्यावर मी व्यापाऱ्याकडं जाऊन लोखंडी वजनं आणली आणि ट्रॅक्टरच्या पुढं लटकवली. आजही कुणी विचारलं तर मी आखूड हातच निवडीन. दुसरा मार्ग होता असं म्हणणारे पुष्कळ भेटले, पण तो कोणता, हे एकानंही सांगितलं नाही.

वजनं लावल्यावरचं पहिलं जड लाकूड उचललं. जिभेवर बसलेलं होतं म्हणून तोंडातून निघून गेलं, "टेकली का रं?" इंजिन चालू होतं. मान वळवून मीच बघितलं. चाकं जमिनीवर होती. पंजा उघडून मी हात परत खाली नेला.