फ्लेक्सवर पैंजण, नाव गायब

परवा सकाळी डेअरीला दूध घालून येताना पिंपळीच्या फाट्यावर नवा फ्लेक्स दिसला... माझ्या नातीच्या अभिनंदनाचा! आधी लई आनंद झाला. मग नीट वाचला, आन डोकं जे फिरलं ते अजून जाग्यावर न्हाय.

आमची सायली बारामतीच्या कॉलेजात चांदीचं काम करती. दागिने न्हाय हं... चांदीचे इतके बारीक दाणे, की डोळ्याला दिसत पण न्हाईत. ते काचेवर दाटीनं बसवायचे आन वरनं उजेड सोडायचा. मला म्हणाली, "आजी, पाटाची चारी अरुंद झाली की पाणी कसा जोर धरतं? तसा दोन दाण्यांच्या फटीत उजेड जोर धरतो." मग द्राक्षावर औषधाच्या फवाऱ्याचा कणभर अंश राहिला तरी ओळखू येतो म्हणं.

आन ती चांदी पाण्यात पिवळी दिसती! म्हणलं, सोनाराला दाखवू नको बाई, हाकलून देईल.

त्या कामाला बक्षीस मिळालं, म्हणून हा फ्लेक्स. त्यावर काय, तर चांदीचे पैंजण! बाजूनं हात जोडलेले सगळे पुढारी... आन खाली 'बबनराव यांच्या सुकन्येचे हार्दिक अभिनंदन'. मी दुसरीपर्यंत शिकलेली, बोट ठेवून वाचते. परत वाचलं... पोरीचा फोटो न्हाय, नाव पण न्हाय.

फ्लेक्स लावणारा, आन त्यावर गॉगल घालून झळकणारा माझा पुतण्या संपत, शेजारच्याच टपरीवर चहा पीत होता.

"नाव कुठंय रं पोरीचं?"

"काकू, जागाच उरली न्हाय."

"तुझ्या गॉगलाला बरी उरली!"

"अवो, बबनदादाची पोरगी म्हणलं की कळतंय समद्यांना. आन लग्न झालं की नाव बदलणारच की."

तळपायाची आग मस्तकात गेली. बबन माझाच ल्योक... घरातला बल्ब गेला तर शेजाऱ्याला हाका मारतो. उजेडाचं काम त्यानं केलं व्हय?

टपरीवरची पानाच्या चुन्याची डबी उचलली. फ्लेक्स खालीच बांधला होता. संपतच्या गॉगलापासून सुरू केलं, बोटानं, मोठ्ठं... सा... य... नावात जोडाक्षर न्हवतं म्हणून निभावलं.

"काकू, साहेबांना चुना लावला तुमी!"

"लावू दे की, एकदा आपण पण."

टपरीवरची माणसं पोट धरून हसली. माझी बोटं मात्र चरचरत होती.

संध्याकाळी सायली एसटीतून उतरली, बघत राहिली. म्हणाली, "आजी, ली दुसरी पाहिजे." तिच्यावर पण खेकसले, मग कर की नीट! तिनं वेलांटी नीट केली, आन पैंजणाखाली बारीक अक्षरात लिहिलं... 'हे मी बनवत नाही.'

संपत आता नवा फ्लेक्स करतो म्हणतोय. म्हणलं, हात लावशील तर बघ.

ज्या बाईंनी माझा हात धरून मला 'स' गिरवायला शिकवला, त्यांचे लई उपकार. त्यांचं नाव लिहावं म्हणून बसले... तर आठवंना. आमी नुसतं 'बाई' म्हणायचो.




आता राग कुणावर काढू?