शेवळं कुठे उगवतात

लहानपणी माझ्या भूगोलाच्या पुस्तकाच्या कव्हरवर ठळक अक्षरांत छापलेलं होतं : जमीन कोणाची? बाबा पत्रकं काढायचे, उरलेल्यांचे गठ्ठे खाटेखाली पडून असायचे आणि घरात एवढा कागद असताना ब्राऊन पेपर विकत आणणं आईला पटत नसे. पुढे शहापुरातल्या आमच्या प्रेसवाल्याकडची खिळ्यांची छपाई गेली, कॉम्प्युटर आला. बाबांचा नियम मात्र तोच राहिला. ज्यांच्याबद्दल पत्रक आहे त्यांना वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही, आणि छापायचं त्यात खोटं नको.

दोन वर्षांपूर्वी मी माझं पहिलं मोठं पत्रक काढलं ते याच नियमाने. खर्डी स्टेशनला उतरून रिक्षाने थोडं पुढे गेलं की पायवाट चढत एका वाडीत जाते. त्या वाडीने वनहक्काचा सामूहिक दावा केला होता. ज्या रानावर आपण पिढ्यान् पिढ्या जगतो त्यावर आपला हक्क लिहून मिळावा, एवढंच मागणं. दाव्याला नकाशा लागतो. मी बायकांसोबत अंगणात बसले, राखेने जमिनीवर ओढा काढला, डोंगर काढला. कुठे मध, कुठे जळण, कुठे शेवळं, त्या सांगतील तिथे चिंचोके ठेवत गेले. मग ते सगळं रंगीत पेनांनी कागदावर उतरवलं आणि पत्रकाच्या मागच्या बाजूला छापलं. छापण्याआधी वाचून दाखवलं तेव्हा बायका खळखळून हसल्या. मला भरून आलं. लोकांसोबत काम करणं म्हणजे हेच, असं मी त्यानंतर कितीतरी सभांमधून सांगत फिरले.

शेवळं ही पावसाच्या तोंडाशी जमिनीतून वर येणारी रानभाजी. काकड नावाच्या आंबट रानफळांसोबत तिच्या जुड्या बांधून बायका बाजारात बसतात. पंधरा-वीस दिवसांचा खेळ. खाली कंद शाबूत असेल तर दर वर्षी त्याच जागी उगवतात. कंद कुणी उकरून नेला की ती जागा संपली.

यंदा होळीच्या आधी वाडीत एक डिझायनर आला. मुंबईचा, माझ्याच वयाचा, हातात टॅब. कुठल्याशा संस्थेने रानाचा डिजिटल नकाशा करायला पाठवलेला. शाळेच्या ओट्यावर सगळ्यांना बसवून म्हणाला, "मी काही बनवायला आलेलो नाही. आपण मिळून बनवणार आहोत. को-डिझाइन." हा शब्द ऐकताच माझा पहिला संशय जागा झाला. त्याच्याकडे नकाशावरच्या खुणांची चित्रं मात्र तयार होती. मधाच्या जागेसाठी झाकणाचा काचेचा डबा.

वाडीतली एक मावशी पुढे सरकली. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हापासून तिच्याच घरी माझा चहा असतो. तिने टॅबवर बोट टेकवलं. "ह्यो डबा झाडाला लटकतो का रे?"

सगळ्या हसल्या. तोही हसला. "एआयने काढलंय, मावशी. बदलू."

"बदल. आन् हा नकाशा बघनार कोन?"

"सगळे!" त्याचा चेहरा फुलला. "ओपन आहे. कोणीही, कुठूनही बघू शकेल."

"आसं," मावशी म्हणाली आणि मागे टेकून बसली.

मी उठले. ही माहिती कुठे साठणार, तिचा मालक कोण, उद्या ती कुणाला विकली तर वाडी कुणाच्या दारात जाणार, असे सगळे प्रश्न विचारले. मी बराच वेळ बोलले असणार. तो शांतपणे उत्तरं देत राहिला आणि त्या शांतपणाचाही मला संशय आला. शेवटी मावशी म्हणाली, "पोरीचा आवाज मोठा हाय."

दुसऱ्या दिवशी तो मावशीबरोबर रानात निघाला. मीही गेले. मदत म्हणून सांगितलं, खरं तर पाळत ठेवायला. मावशीने त्याला सागाच्या उतारावर नेलं आणि म्हणाली, "हितं शेवळं." त्याने तिथे उभं राहून टॅबवर ठिपका टाकला. मी तोंड फिरवून हसले. माझ्या नकाशात शेवळं ओढ्याच्या पलीकडे, वरच्या बाजूला होती. बायका त्याला बनवत होत्या! मी त्याला एका शब्दाने काही सांगितलं नाही. उतरताना मला इतकं हलकं वाटत होतं की त्याची पाण्याची बाटलीही मीच धरली.

संध्याकाळी तो ओट्यावर बसून माझा छापील नकाशा उपग्रहाच्या फोटोवर ठेवून बघत होता. मला म्हणाला, "ताई, एक विचारू? तुमची शेवळं कातळावर आलीत."

"तुमचा फोटो चुकीचा असेल."

"असू शकतो," तो म्हणाला. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

सकाळी मी एकटी वर गेले. दोन वर्षांत पहिल्यांदाच. नकाशा मी अंगणात बसून केला होता. ओढा ओलांडला, चढले, आणि समोर काळा कातळ. तापलेला, उघडा. शेवळांचा कंद धरायला माती नाही, गवतही धड नव्हतं. कातळाच्या कडेला, जिथे थोडीफार माती होती, तिथे कुणीतरी कुदळीने सात-आठ ठिकाणी उकरून पाहिलं होतं. काहीच न मिळाल्यावर सोडून गेलेले खड्डे. मी बराच वेळ त्या खड्ड्यांकडे बघत उभी राहिले.

खाली आले तेव्हा मावशी दारात चिंचा फोडत बसली होती.

"कातळावर जाऊन आले," मी म्हणाले.

"दमलीस का?"

"तिथे काही नाही."

"नाय."

"मला खोटं सांगितलंत तुम्ही!"

"मंग?"

"मी वाचून दाखवलं होतं. छापायच्या आधी. सगळ्यांना."

"दाखवलंस की. आमी हसलो पन होतो." तिने एक चिंचोका बाजूला टाकला. "तुला वाटलं खूश झाल्या."

माझा आवाज चढला. "त्या टॅबवाल्याला फसवलंत ते मी समजू शकते. पण मी? मी तर आपली—"

"तो म्हनला सगळी बघतील. तू तर लोकांच्या हातात दिलंस गो. मुरबाडच्या बाजारात वांगीवालीनं मला तुझ्याच कागदात वांगी बांधून दिली. त्या कागदात आमच्या शेवळांची खरी जागा आसती तर?"

मला कातळाच्या कडेचे ते खड्डे आठवले. मग आणखी एक गोष्ट आठवली. पत्रकावरचा तोच नकाशा मी दाव्याला जोडला होता. आठ दिवसांनी साहेब लोक पाहणीला येणार होते, हातात तो नकाशा घेऊन. कातळावर शेवळं दाखवणाऱ्या दाव्यावर ते बाकी कशाचा विश्वास ठेवणार?

हे सांगितलं तसा मावशीचा हात थांबला. "दाव्याला? तो कागद?"

"हो."

"आमाला कुटं सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. पत्रक वाचून दाखवलं होतं. दाव्याची फाईल मीच भरली होती, घाईत, शहापुरातल्या झेरॉक्सच्या दुकानात उभ्याने.

"म्हंजे आमचा दावाच खोटा म्हनतील?"

"म्हणू शकतात."

ती उठली, हात पदराला पुसले आणि सरळ ओट्यावर गेली. डिझायनर टॅब चार्जिंगला लावत होता. "आरे, तुझा ठिपका पन खोटा हाय," ती म्हणाली. "सागाखाली काय नाय उगवत."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तो रागावेल, सामान आवरेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तसं व्हावं अशी इच्छाही होती. त्याने चार्जर काढून टॅब मांडीवर घेतला. मग म्हणाला, "मावशी, मग दाखवायचं कसं? न दाखवता?"

"तुला ठिपकाच कशाला पायजे? हद्द दाव. ह्या टेकडीपासनं ओढ्याच्या उगमापर्यंत आमी फिरतो. आत काय कुटं ते आमचं आमी बघू."

"साहेब विचारतील, तुम्ही हे रान वापरता कशावरून?"

"महिना सांगू. जेठात शेवळं, माघात मध. कंच्या महिन्यात काय आनायला जातो ते लिव. जागा नको."

दुपारभर ते दोघं बसले. बाकीच्या बायकाही आल्या. एक वाट कुठून वळते यावरून भांडणं झाली, रेघ तीनदा पुसली गेली. मी स्क्रीनवर ऊन येऊ नये म्हणून वहीची सावली धरून उभी होते. दुसऱ्या दिवशी मी ती हद्द पायी फिरले, पूर्ण. मग ग्रामसभा बोलावली. जुना नकाशा मागे घेऊन नवा जोडायचा असं ठरलं, आणि या वेळी फाईलमधला प्रत्येक कागद मी मोठ्याने वाचला.

डिझायनर जायला निघाला तेव्हा मी त्याला जुने ठिपके माझ्यासमोर पुसायला लावले. त्याने पुसले.

"सगळीकडून?"

"सगळीकडून, ताई."

खरंच पुसले की नाही ते मला आजही माहीत नाही. माणूस चांगला होता. पण चांगल्या माणसाच्या टॅबमधून पुढे काय कुठे जातं, ते त्यालाही ठाऊक असतंच असं नाही.

पाहणीला आलेल्यांनी हद्दीवरून फिरून खुणा तपासल्या. त्यातल्या एकाने सहज विचारलं, "मावशी, शेवळं नक्की कुठे मिळतात हो?"

"मिळतात ना," मावशी म्हणाली आणि हात असा फिरवला की त्यात अख्खा डोंगर आला. तो हसला. हद्द जुळते, असं पाहणीच्या कागदावर लिहिलं गेलं. दाव्याचा निकाल अजून यायचाय.

जेठात मावशी आमच्या घरी आली. पिशवीत शेवळांच्या चार जुड्या, वर काकडं. आईने जुड्या निवडायला घेतल्या. मी कुठून आणल्या ते विचारलं नाही.

चहा पिताना तिला खाटेखालचा गठ्ठा दिसला. "ते कातळावालं कागद उरलंय का गो? मुरबाडला आनखी वाट की."

"त्यात खोटं आहे, मावशी."

"म्हनून तर."

बाबा कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली करून माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणाले. गठ्ठा अजून तिथेच आहे. वाटलाही नाही, जाळलाही नाही.

हा मजकूर लिहून झाल्यावर वाडीत जाऊन मावशीला वाचून दाखवला. ती मन लावून ऐकत होती. दोन ठिकाणी हसली. मी थांबले आणि या वेळी विचारलं, "का हसलात?"

"काय नाय गो," ती म्हणाली. "छाप."