उजवीकडे मोकळी चौकट

या सदरातले अनुभव मी दुपारी भांडी आवरल्यावर वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेकदा हसते. माझे वडील अहमदपूरला विज्ञानाचे शिक्षक. भुताखेतांचा विषय आमच्या घरात कुणी निघूच दिला नाही. लग्न होऊन लातूरला आले तर नवराही फिजिक्सचा मास्तर, स्वतःचा कोचिंग क्लास चालवणारा. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण झालं ते झालं.

मी यांची दुसरी बायको. पहिली उषा. ती भूकंपात गेली — औसा तालुक्यातल्या यांच्या गावी, घराखाली. हे त्या रात्री लातुरात होते म्हणून वाचले. तिचा एक फोटोसुद्धा उरला नाही. आणि फोटो नसलेल्या बाईशी बरोबरी करणं फार अवघड असतं हो. ती माझ्यापेक्षा गोरी होती का, देखणी होती का, काही कळायला मार्ग नाही. हे तिच्याबद्दल अवाक्षर काढत नसत. फक्त वर्षातून एकदा, भूकंपाच्या दिवशी, क्लास बंद ठेवून एकटेच गावी जायचे. मी एकदा विचारलं, "मी येऊ का?" तर म्हणाले, "तिथं काय हाय बघायला." मी दिवसभर घरात चरफडत राहिले. गेलेल्या बाईवर जळतेय याची लाज वाटायची, पण जळणं थांबत नव्हतं.

भूकंपाला दहा-बारा वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. लातुरात गल्लोगल्ली कोचिंग क्लासच्या पाट्या लागून राहिल्या होत्या. देगलूर, उदगीर, नांदेडकडची पोरं खोल्या करून राहायची. आपल्याही क्लासची वेबसाइट पाहिजे, असं यांच्या डोक्यात आलं. मी म्हटलं, मी करते. घराजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये वेब डिझाइन शिकवत, तिथं नाव घातलं. या संसारात माझं एकटीचं असं काहीतरी असावं, जे बघून यांना दुसरं कुणी आठवणार नाही — खरं कारण हे होतं.

तिथल्या मॅडम सांगायच्या, एचटीएमएल म्हणजे भिंती आणि सीएसएस म्हणजे रंगरंगोटी. मला रंगरंगोटी लई आवडली. आधी कशाला सजवायचं त्याचं नाव, मग महिरपी कंस, आत रंग, बॉर्डर, मोकळी जागा... आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी सेमीकोलन. तो विसरला की पुढची ओळ गेलीच. बॉर्डर शिकवली त्या दिवशी कळलं, चौकटीच्या चारही बाजू वेगवेगळ्या ठेवता येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी बसून पहिल्या पानाला चौकट केली. डावीकडे जाड हिरवा पट्टा. खाली दुहेरी हिरवी रेघ. वर शेंदरी-लाल ठिपके — त्या रंगाच्या कोडातली अक्षरं बदलत बदलत, मनासारखा लाल येईपर्यंत बसून राहिले. आणि उजवीकडे काहीच नाही. का नाही, ते मला आजही सांगता येत नाही. उजवीकडे रेघ दिली की पान चुकल्यासारखं दिसायचं, काढली की बरं वाटायचं.

यांच्या थोरल्या बहीण, आक्का, देवणीहून डोळे दाखवायला आल्या होत्या. चहाची बशी हातात घेऊन त्या कॉम्प्युटरपाशी आल्या आणि थांबल्या.

"शोभा, हे उषाच्या दाराचं काढलीस का गं?"

"कशाचं, आक्का?"

"आगं हे. तिनं दाराभवती असाच रंग दिला हुता. डावीकडं पट्टा, खाली दोन रेघा. उजवीकडं गोठ्याची भिंत आली हुती, तिथं जागाच न्हवती." मग जरा वाकून बघत म्हणाल्या, "वर मातर काय न्हवतं बघ. ही ठिपकी न्हवती."

मला वाटलं, बाईंची नजर अधू झालीय. मी विषय बदलला.

दुपारी हे जेवायला आले. हातपाय धुऊन बैठकीत आले, तर कॉम्प्युटरचा पडदा समोरच.  खुर्ची ओढून बसले आणि त्या ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मीच केलं. का हो?"

"वर तिचा हात पुरत नव्हता," ते हळू बोलत होते. "ठिपके मी दिले. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून हिंगूळ उरला होता, तोच घेतला. त्याच्यामागं थोड्याच दिवसांत घर गेलं." आक्कांकडे वळून म्हणाले, "तू त्या आधी येऊन गेली होतीस. तू बघितलेच नव्हते हे."

 आक्का पदर सावरून आत निघून गेल्या.

असं काही घडलं की अंगावर काटा येतो म्हणतात. मला काटा आला नाही. मला राग आला. इतक्या वर्षांत हे तिच्याबद्दल एवढं माझ्यासमोर कधी बोलले नव्हते. आणि त्या पानाकडे ते ज्या नजरेनं बघत होते, त्या नजरेनं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं म्हणून केलं, आणि तेही तिचंच निघालं. मी त्यांच्यासमोर बॉर्डरच्या ओळी खोडल्या, सेव्ह केलं, रिफ्रेश केलं. चौकट गेली.

"राहू दिली असतीस," एवढंच ते म्हणाले. ते वाक्य मला फार लागलं.

नंतर सगळं पान साधं निळं केलं. वेबसाइट तशीच सुरू झाली.

मी खूप डोकं चालवलं. फोटो? नव्हताच. आक्कांनी कधी सांगितलं असेल? त्यांना ठिपके माहीतच नव्हते. हे झोपेत बोलले असतील? बोलणाऱ्यातले नाहीत. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "ताई, योगायोग असेल." एखादीच बाजू जुळली असती तर मीही तेच म्हटलं असतं.

त्या वर्षी भूकंपाच्या दिवशी सकाळी हे चपला घालता घालता म्हणाले, "येतीस का?"

गाव दुसरीकडे वसलंय. जुन्या जागी नुसत्या वेड्या बाभळी अन् दगडांचे ढीग. घर नेमकं कुठं होतं ते यांनाही पटकन सापडलं नाही. आम्ही एका दगडावर बसलो आणि हे आपणहून बोलायला लागले. ती बुटकी होती. मोठ्यानं हसायची. परतीच्या एसटीत औशापर्यंत बोलत होते. मी आतून जळत होते, आणि तरी ते थांबले की मीच म्हणायची, "मग?"

ती चौकट माझ्या हाताला कुठून सुचली, याचं उत्तर ना माझ्याकडे आहे, ना या फिजिक्सवाल्या माणसाकडे. कधी वाटतं, तिला काहीतरी दाखवायचं असेल. मग वाटतं, तसं असतं तर सरळ यांना दाखवलं असतं. मी तिची कोण? माझ्याच हातून का...