उजव्या हातातली बाटली

माझी शाळा औंधला मामाकडे राहून झाली आणि कॉलेज साताऱ्याला. आमच्या घराण्यात पाटी हातात धरणारी मी पहिली. ज्या गुरुजींनी आणि बाईंनी मला शिकवलं, त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. पण मेंढरं राखणाऱ्या घरातल्या मुलीला शाळेत घालायचं आईच्या मनात कसं आलं, असं कुणी विचारलं की मला त्या दोन बाटल्या आठवतात.

एकसष्ट-बासष्ट साल असावं. माणदेशात माळावर आमची चार घरांची वस्ती होती. दिवाळी झाली की बाप्ये मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाला जात. मागे उरत बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. त्या वर्षी माझा तान्हा भाऊ तापानं फणफणला होता, छातीत घरघर होती. आजोबांच्या पायाची जखमही चिघळली होती. आई भावाला पाठीशी बांधून, मला बरोबर घेऊन बाजाराच्या गावी दवाखान्यात गेली.

औषधासाठी बाटली तेव्हा घरून न्यावी लागे. आमच्या दोन्ही बाटल्या सारख्याच होत्या. कंपाउंडरनं त्या भरल्या, वर चिठ्ठ्या डकवल्या आणि बजावलं, "ही बाळाला पाजायची. ही जखम धुवायची. विषारी आहे, पोटात जाता कामा नये."

दोन्ही औषधं फिकट गुलाबी, दोन्हींना दवाखान्याचाच वास. आईनं पाजायची उजव्या हातात धरली, धुवायची डाव्या, आणि चालायला लागली. पदर घसरला तेव्हा तो मला सावरायला लावला, पण तिनं हात मोकळा केला नाही.

ओढ्यापाशी भावाला ठसका लागला आणि त्याचे ओठ निळे पडले. आईनं बाटल्या वाळूत टाकून त्याला पुढे घेतलं, पालथा करून पाठ थोपटली. तो रडला तशी तिनं बाटल्या उचलल्या आणि आम्ही झपाझपा घर गाठलं.

चमचा भरायला घेतला आणि तिचा हात थांबला.

"वाळूत बाटल्या कशा पडल्या व्हत्या गं?" तिनं मला विचारलं. मला आठवेना. ती पुन्हा पुन्हा हात पुढे करून बाटल्या कशा टाकल्या, कशा उचलल्या ते करून बघत होती. जितक्यांदा करी तितकी ती जास्त घाबरत होती. चिठ्ठ्या होत्या, पण त्या मराठीत आहेत की इंग्रजीत हेसुद्धा वस्तीवर कुणाला सांगता आलं नसतं. दिवस कलला होता, दवाखाना बंद झाला असणार. भावाच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

आईनं उजव्या हातातली बाटली स्वतःच्या तोंडाला लावली. आजोबांनी काठीनं तिचा हात अडवला.

"येडी का खुळी तू? तुला काय झालं तर ह्याला पाजणार कोण? आण हिकडं."

"आवं मामंजी, तुमास्नी काय झालं तर तुमच्या लेकाला काय तोंड दावू?"

"त्येला म्हणावं, म्हाताऱ्यानं खोडी केली." आणि त्यांनी घोट घेतला. "ग्वाड हाय गं. जखमंला कशाला ग्वाड लागतंय?"

"इख बी ग्वाड असतंय म्हंत्यात," आई म्हणाली. "बोलत ऱ्हावा मामंजी. गप बसू नगा."

"काय बोलू?"

"काय बी. मेंढरांची नावं घ्या."

आजोबा नावं घेऊ लागले. काळी, बांडी, तुटक्या कानाची. आई भावाला मांडीवर घेऊन त्यांच्या ओठांकडे टक लावून बसली होती. मध्येच आजोबा थांबले. आई किंचाळली, "मामंजी!"

"आगं वरडू नगं. भुऱ्या मेंढीच्या कोकराचं नाव इसरलो, त्ये आठवतुया."

अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं, तिथूनही गेलं. आजोबांना काही झालं नाही. तेव्हा आईनं भावाला चमचा पाजला. मात्र तो गिळल्यावर तिची नजर आजोबांवरून हटून त्याच्यावर बसली, आणि ती भीती पहिल्यापेक्षा मोठी होती. म्हाताऱ्या माणसाला जे सोसलं ते तान्ह्याला सोसेल का, हे कुणाला ठाऊक होतं? त्याच्या छातीवर हात ठेवून ती तशीच बसून राहिली.

सकाळी घरघर उतरली होती. तरी आई दोन्ही बाटल्या घेऊन मला परत दवाखान्यात घेऊन गेली. कंपाउंडरनं त्या एकदा फिरवून बघितल्या.

"ही पाजायची, बरोबर आहे. अहो बाई, लिहिलंय की वर!"

आईनं बाटल्या उचलल्या. बाहेर आल्यावर ती दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि चिठ्ठीवरून बोट फिरवत मला म्हणाली, "हितं लिवलं व्हतं. आन आपण मामंजींच्या तोंडाकडं बघत बसलो."