माझ्या वाट्याचं गाजर गवत

"वढू नका, अण्णा. विनवा त्याला," असं म्हणत आक्का गाजर गवताचं रोप बुडाशी धरायच्या, थोडं हलवायच्या, आणि मूळ सबंध बाहेर यायचं. हातमोजे म्हणून दोन्ही हातांत दुधाच्या रिकाम्या पिशव्या, मनगटाला रबर.

निवृत्त नर्स होत्या. खासबागेत आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. सगळे त्यांना आक्का म्हणत. दर रविवारी सकाळी त्या आठदहा माणसं गोळा करून गल्लीशेजारच्या मैदानातलं गाजर गवत उपटायच्या. तुमच्याकडंही असं एखादं माणूस असेल. ते लांबून दिसलं की आपण दुसरा रस्ता धरतो. मीही धरायचो.

मी मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत जुन्या यंत्रांची खरेदी-विक्री करतो. कारखान्यात झाडू मारण्यापासून सुरुवात केली. फुकट कुणी मला काही दिलं नाही, मीही कुणाला देत नाही. पण एकदा त्यांनी मला गाठलंच.

"रविवारचं दोन तास द्या, अण्णा."

"अर्धा."

"अर्धा तर अर्धा. पण दर रविवारी."

समोरचा इतक्या लवकर हो म्हणाला की आपण फसलो, हे मला कळायला हवं होतं.

त्यांनी जागा वाटून दिली होती. पिंपळापासून कुंपणापर्यंतचा पट्टा माझा. नियम एकच: फुलं यायच्या आत उपटायचं. फुललेल्या गवतात शिरलं की अंग खाजतं, दम लागतो. त्यांची स्वतःची छाती अधूच. लहानपणी निपाणीत आईच्या शेजारी, तंबाखूच्या धुळीत बसून विड्या वळलेल्या. "माझा दमा माझ्यापेक्षा वयानं मोठा हाय," म्हणायच्या.

एका रविवारी मला घाई होती. विळ्यानं सपासप कापून मोकळा झालो. वरून जागा स्वच्छ. आक्कांनी सगळ्यांना बोलावून माती उकरली आणि मुळं दाखवली.

"बघा, अण्णांनी नुसतं केस कापल्यात. जुन्या यंत्राला वरनं रंग मारत्यात न्हवं, तसं!"

सगळे हसले. माझ्या धंद्यावर कुणी बोललेलं मी आजवर ऐकून घेतलेलं नाही. विळा तिथंच फेकला.

"तुमचं तुम्ही उपटत बसा!"

"अवो, थट्टा केली," त्या मागून म्हणाल्या. मी थांबलो नाही.

नंतर त्या दोनदा दारात आल्या. दोन्ही वेळा मी घरात नाही, असं बायकोला सांगायला लावलं. मी आत चहा पीत होतो. "त्यांचा पट्टा फुलायला लागलाय, एवढंच सांगा," त्या दुसऱ्या वेळी म्हणाल्या.

तिथलं बी पडलं असतं तर सगळ्या मैदानाची मेहनत वाया गेली असती. फुललेल्या गवतात शिरायला बाकीचे तयार होईनात. आक्कांनीच तसं शिकवलं होतं. मग तोंडाला पदर बांधून आक्का एकट्याच तीन दिवस माझ्या पट्ट्यात बसल्या. हे मला शेजाऱ्यानं सांगितलं, तेव्हा त्या दवाखान्यात होत्या.

बघायला गेलो. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. बोलायचं होतं, पण सौद्यात पहिला शब्द आपण टाकायचा नसतो. आधी त्या चुकलं म्हणतील, मग मी म्हणेन. वाट बघत बसलो.

शेवटी त्यांनीच मास्क बाजूला केला. "अण्णा... राग... गेला का?"

गेला होता. केव्हाच गेला होता.

"बघू," मी म्हणालो.

गिऱ्हाईक अजून थोडं खाली येईल असं वाटलं की मी असंच म्हणतो. आक्का हसल्या, तशी ढास लागली. नर्सनं मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेलो. खाटेवरची चादर बदलून झाली होती.

आता रविवारी मैदानात कुणी जमत नाही. गवत कमरेपर्यंत आलंय, पांढरं फुललंय. वारा सुटला की त्या फुलांची धूळ आमच्या घरापर्यंत येते. बायको खिडक्या लावून घेते.