नळी काढण्याच्या सकाळी

माझा थोरला भाऊ टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. सुताची रुई आणि बिडीचा धूर, दोन्ही त्याच्या छातीत गेली. फुप्फुसाचा आजार जुनाट आहे, बरा होणार नाही, सांभाळावा लागेल, असं डॉक्टरांनी पहिल्यांदा दाखल केलं तेव्हाच सांगितलं होतं. वजन वाढू देऊ नका, हेही सांगितलं होतं.

त्या वेळी तो घरी आला तो वाळून. आमच्याकडे आजारातून उठलेल्या माणसाला भेटायला कोणी रिकाम्या हाताने येत नाही. डिंकाचे लाडू आले, मंगळवेढ्याहून वहिनीच्या माहेरचं तूप आलं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी भूकही खवळायची. आधी अंग भरलं, मग सुटलं. दारात खुर्ची टाकून तो बसायचा.

"काय पैलवान, आखाड्यात उतरायचा इचार दिसतोय," शेजारी म्हणायचा.

"उतरतो की. वर कोण काढणार ते सांग," भाऊ म्हणायचा आणि हसता हसता धापा टाकायचा.

आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून तो झोपायचाही त्याच खुर्चीत. मी वहिनीला त्याचं जेवण कमी करायला सांगितलं.

"खंगल्यालं बगितलं न्हवं तुमी, भाऊजी? आता कुटं अंगावर रया आलीया. त्यांच्या ताटाकडं बगू नका."

यंदाच्या थंडीत सर्दी छातीत उतरली आणि त्याला आयसीयूत न्यावं लागलं. मास्कने भागलं नाही. घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावला. डॉक्टरांनी समजावलं: अशा फुप्फुसात हवा अडकून राहते, ती बाहेर काढायलाच जोर लागतो. त्यात पोट खालून रेटतं आणि छातीवर चरबीचा भार. "नळी घालणं आमच्या हातात होतं. ती निघणं त्यांच्या ताकदीवर आहे."

रोज सकाळी ती ताकद तपासली जायची. गुंगी उतरवायची, चौघांनी मिळून त्याला टेकवून बसवायचं, मशीनचा आधार कमी करायचा. तो खांदे उचलून श्वास ओढायचा. थोड्या वेळात मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, ओठ काळसर पडायचे. आधार पुन्हा वाढवला जायचा.

एका सकाळी वहिनीने त्याचा हात हातात घेतला. मनगट बारीक झालं होतं. ती बाहेर येऊन डॉक्टरांना म्हणाली, "उतरलं की वजन, सायेब. आता निघंल न्हवं नळी?"

डॉक्टर म्हणाले, "ते स्नायू गेलेत, ताई. पोट तेवढंच आहे. श्वास ओढणारे स्नायूही असेच वाळलेत."

"मग खायाला वाढवा की."

"वाढवलं तरी आता ते तिथं लागत नाही."

वहिनी बाकावर बसली.

शेवटचा प्रयत्न आधीच्यांहून लवकर थांबला. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवता येईल, डॉक्टर म्हणाले, पण मान आखूड आणि जाड, धोका मोठा. आणि त्यानंतरही मशीन सुटेल असं वाटत नाही. छिद्र पाडायचं नाही आणि रोजची तपासणीही बंद करायची, असं ठरलं. वहिनीने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत गेलो. भाऊ जागा होता. त्याने तळवे गादीवर टेकले, खांदे उचलून धरले आणि दाराकडे पाहू लागला. त्याला बसवायला आता कोणी येणार नव्हतं. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.